अंगठा उमटत नाही

माझे केस गेले नाहीत, याबद्दल सर्वप्रथम मी आमच्या गल्लीची माफी मागतो. लोक किती तयारीनं आले होते! मोठ्या आतड्याचा कॅन्सर, ऑपरेशन झालं, आता किमो सुरू, ही बातमी आमच्या कोल्हापुरात पेठभर व्हायला दुपार लागली नाही. जो तो चेहरा पाडून दारात उभा राहायचा आणि मी दार उघडलं की त्याची नजर थेट माझ्या डोक्यावर. तिथं पांढरं का होईना, पण भरगच्च रान. मग पाहुण्याचा पडलेला चेहरा आणखी पडायचा. "किमोच हाय न्हवं?" असं विचारताना आवाजात पोलीस तपासाचा सूर. एका मावसबहिणीनं तर भर मे महिन्यात स्वतः विणलेली लोकरीची टोपी आणली. डोक्याकडं बघून ती म्हणाली, "असू दे. जातील की हळूहळू."

गैरसमज असा की किमो हे एकच औषध आहे. ते औषध नव्हे, खातं आहे. त्यात पुष्कळ कर्मचारी आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. डॉक्सोरुबिसिन नावाचं लालभडक औषध दोन-तीन आठवड्यांत डोकं साफ करतं, वर लघवीही लाल करून माणसाला घाबरवतं. व्हिन्क्रिस्टिन हे आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून काढलेलं; ते बद्धकोष्ठ आणि मुंग्या देतं. (ही माहिती मी सहज कट्ट्यावर सांगितली आणि दुसऱ्या दिवशी शेजारचे नाना ओंजळभर सदाफुली घेऊन आले. "चावून खा." त्या झाडातून ते औषध चिमूटभर निघायला पानांचे ढीग लागतात आणि ते शिरेतूनच द्यावं लागतं, हे सांगेपर्यंत नानांनी स्वतः दोन पानं चघळली होती.) माझ्या वाट्याला आले ऑक्सॅलिप्लॅटिन आणि कॅपेसिटाबिन. हे दोघं केसांना फारसा धक्का लावत नाहीत. इतर सगळ्याला लावतात.

असं का होतं, ते मला डॉक्टरांच्या आकृतीपेक्षा माझ्या नोकरीमुळं लवकर कळलं. मी छत्तीस वर्षं टपाल खात्यात काढली. औषधाला आदेश असतो: भराभर वाढणाऱ्या पेशी दिसल्या की मारा. आता केसांची मुळं, तोंडाचं अस्तर, आतडं, हाडातला मगज हेही भराभरच वाढणारे. म्हणजे पाकिटावर नुसतं "कोपऱ्यावरचं घर, कोल्हापूर" लिहिलेलं. पत्ता अर्धवट असला की पत्र कुणाच्याही दारात पडणार. साइड इफेक्ट म्हणजे दुसरं काय? शेजाऱ्याच्या घरी गेलेलं टपाल.

"आठ सायकली," डॉक्टर म्हणाले. एकेक सायकल २१ दिवसांची. पहिल्या दिवशी सलाईनमधून ऑक्सॅलिप्लॅटिन, मग १४ दिवस कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, मग सात दिवस सुट्टी. ज्या विभागात हे चालतं त्याला डे केअर म्हणतात. आमच्या नातवालाही डे केअरमध्येच ठेवतात, त्यामुळं "आजोबा, तुला पण डबा दिला का?" हा प्रश्न ओघानं आला. ऑक्सॅलिप्लॅटिनमध्ये खरोखरचं प्लॅटिनम असतं, हे सिस्टरनी सुई लावता लावता सांगितलं. जपानमध्ये नागोयाच्या योशिनोरी किदानी यांनी १९७६ साली ते तयार केलं. आमच्या हिनं बाटलीकडं बराच वेळ बघितलं. म्हणाली, "चाळीस वर्षांत मला धड एक पाटली झाली नाही. स्वतः मात्र प्लॅटिनम."

निघताना सिस्टरनी एक कागद दिला. त्यावर काय लिहिलंय ते घरी जाऊन वाचू म्हणून मी तो खिशात घातला. इथं माझी चूक झाली.

संध्याकाळी चहासाठी दूध काढायला फ्रीज उघडला, पिशवीला हात लावला आणि बोटांतून कोपरापर्यंत वीज गेली. पिशवी खाली, दूध फरशीवर, मी भिंतीला. "फ्रीज शॉक मारतोय!" मी ओरडलो. हिनं मेन स्विच बंद केला. गल्लीतल्या वायरमनला फोन गेला. तो टेस्टर घेऊन आला, फ्रीज पुढं ओढला, मागनं-पुढनं तपासला, आतल्या जाळीला स्वतः हात लावून बघितला.

"काका, करंट न्हाई वो ह्यात."

"वरून नसेल. आत आहे. दुसरी पिशवी धर."

त्यानं पिशवी धरली. मग ती माझ्या हातात दिली. मी परत किंचाळलो. वायरमननं आधी माझ्याकडं, मग हिच्याकडं बघितलं. त्या नजरेत वाढीव बिल न लावण्याइतकी दया होती. अर्थिंग तपासल्याचे दीडशे रुपये घेऊन तो गेला. मग मी खिशातला कागद काढला. पहिलीच ओळ: या औषधानंतर काही दिवस थंड वस्तूला हात लावू नये, थंड पिऊ नये, थंड वारा अंगावर घेऊ नये, लागल्यास झिणझिण्या, टोचल्यासारखं, विजेचा झटका बसल्यासारखं वाटेल. फ्रीज उघडताना हातमोजे घालावेत.

तेव्हापासून आमच्या फ्रीजच्या दाराला खिळा लागला आणि खिळ्याला लोकरीचे मोजे. मे महिना, चाळीस अंश ऊन, आणि मी लडाखला निघाल्यासारखा मोजे चढवून कोथिंबीर काढतोय, हे दृश्य बघायला गल्लीतली पोरं खिडकीत जमायची.

तो कागद पाठ करूनही एक दिवस गफलत झाली. माठातलं पाणी म्हणजे काय थंड, अशा समजुतीनं एक घोट घेतला आणि घसा कुणी मुठीत धरल्यासारखा झाला. श्वास संपला, असं वाटलं. संपत नसतो. घशातल्या नसा थंडीला घाबरून तशी खोटी बातमी देतात. फोनवर सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "बोलताय ना माझ्याशी? मग श्वास चाललाय. कोमट पाणी घ्या, हळूहळू. पाच-दहा मिनिटांत गेलं नाही तर सरळ निघून या." गेलं. जेवताना पहिल्या घासाला जबड्यात कळ यायची, दुसऱ्यापासून काही नाही. पहिला घास म्हणजे आमच्या जुन्या मोटारसायकलची पहिली किक.

त्यामुळं माझ्या आयुष्यात एका शब्दाचं राज्य सुरू झालं: कोमट. कोमट पाणी, कोमट ताक, कोमट कलिंगड. कोमट आमरस तुम्ही खाल्ला आहे का? वाटी गरम पाण्यात ठेवून केलेला? हापूसचा असा अपमान रत्नागिरीकरांना कळू नये म्हणून आम्ही खिडक्या लावून जेवलो.

पंचाईत अशी की त्याच कागदाच्या मागच्या बाजूला मळमळीवरचे उपाय होते, सगळ्या किमोंना मिळून एकच छापलेले. पहिला उपाय: गरम अन्नाचा वास येतो, म्हणून थंड पदार्थ खावेत. पुढच्या पानावर थंड खाऊ नका, मागच्या पानावर गरम खाऊ नका. ही म्हणाली, "माझ्या सासूबाईंच्या सूचना अशाच असायच्या." आणि तिनं सासूबाईंच्या बाबतीत काढलेलाच मार्ग काढला. दोन्ही ऐकून घेतलं आणि स्वतःला हवं ते केलं. मी मागच्या अंगणात बसायचं, स्वयंपाकघराचं दार लावायचं, फोडणी देऊन वास विरला की हाक. मेतकूट-भात, मऊ खिचडी, नाचणीची आंबील. दोन मोठी जेवणं नाहीत, दर दोन-अडीच तासांनी वाटीभर. स्टीलच्या चमच्यानं खाल्लं की सगळ्याला जुन्या चार आण्यांची चव यायची. तिनं लाकडी चमचा काढला आणि नाणं निम्म्यानं उतरलं. बाकी निम्मं आवळा सुपारीनं.

तरी पहिल्या सायकलीत उलट्या झाल्याच. ऑनडॅनसेट्रॉन नावाची गोळी दिली होती. औषधामुळं आतड्यातून निघणारा उलटीचा निरोप ती वाटेतच अडवते. माझा निरोप बहुधा दुसऱ्या रस्त्यानं गेला. म्हणून दुसऱ्या सायकलीपासून रात्री ओलान्झापिन सुरू झालं. औषधाच्या दुकानातल्या माणसानं चिठ्ठी वाचली, गिऱ्हाईकं पांगेपर्यंत थांबला आणि हळूच विचारलं, "घरात सगळं ठीक हाय न्हवं?" मूळची ही गोळी मानसिक आजारांवरची. मळमळीवर ती फार चांगली चालते हे नंतर कळलं. जहाल किमोच्या रुग्णांवर मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये अभ्यास झाला, तो २०२४ साली छापून आला: १० मिलिग्रॅमऐवजी अडीचही तितकंच काम करतं, आणि दिवसा पेंग कमी येते. मलाही अडीचच होती. उलट्या थांबल्या. औषधवाला मात्र अजून माझ्याशी फार समजुतीनं बोलतो.

पेंगेचं सोडा, पहिल्या रात्री तर झोपच नसायची. सलाईनआधी डेक्सामेथासोन देतात, ते स्टिरॉइड. त्यानं मळमळ कमी होते, पण रात्री तीन वाजता माणूस पंचविशीत जातो. अशाच एका रात्री मी स्वयंपाकघरातले सगळे डबे काढून पुन्हा लावले. सॉर्टिंगचा हात, डाळी एका खान्यात, कडधान्यं दुसऱ्या, आणि प्रत्येक डब्यावर सहा आकडी क्रमांक. देशाला पिनकोड दिला तो श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी, १९७२ साली, एका मराठी माणसानं. ती परंपरा मी तूरडाळीपर्यंत आणली. सकाळी ही चहाला उठली तेव्हा साखर चौथ्या विभागात होती. पुढच्या वेळी डॉक्टरांनी ते औषध सकाळीच द्यायची सोय केली. माझ्या नव्हे, हिच्या तक्रारीवरून.

आता भेटायला येणाऱ्यांविषयी. साइड इफेक्टच्या यादीत ते का नाहीत, मला समजत नाही. प्रत्येकाच्या हातात काही तरी असायचं. गव्हांकुराचा रस, गुळवेलीचा काढा, किमोपेक्षा दहा हजार पट जालीम असल्याचा निरोप घेऊन आलेलं लक्ष्मणफळ. एकानं हनुमानफळही आणलं, बहुधा रामायण पुरं व्हावं म्हणून. नानांचा आग्रह वेगळा. ते जुने तालमीतले. त्यांचं सगळं वैद्यकशास्त्र गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर सुरू होतं आणि तिथंच संपतं. म्हशीची धार काढून पेल्यात थेट. "धारोष्ण! कोमटच असतंय की, तुला चालतंय." युक्तिवाद बिनतोड होता. पण पांढऱ्या पेशी कमी असताना न तापवलेलं दूध म्हणजे जंतूंना आमंत्रण, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मी दूध घरी आणून उकळलं. नाना दोन दिवस बोलले नाहीत.

पुतण्याच्या ताकदीच्या गोळ्या मात्र मी घेणारच होतो. बाटली परदेशी, रंग छान. सहज म्हणून सिस्टरना दाखवली, तर त्यांनी ती खिशातच घातली. त्यात फॉलिक ॲसिड होतं. इतर वेळी गुणाचं, पण कॅपेसिटाबिनबरोबर ते त्याचाच जोर वाढवतं: जुलाब जास्त, तोंड जास्त सोलतं. गुळवेलीबद्दलही त्यांनी ऐकवलं. काढा प्यायल्यानंतर यकृत सुजलेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली छापली आहे. "काका, नैसर्गिक तर विंचूपण असतो," असं म्हणून त्या पुढच्या खुर्चीकडं गेल्या.

हिनं एक दोनशे पानी वही केली होती. तारीख, गोळ्या, ताप, वजन, आणि शेवटच्या रकान्यात, माफ करा, शौचाच्या रेघा. रोजच्यापेक्षा चार रेघा जास्त झाल्या की फोन करायचा, तोवर मीठ-साखरेचं पाणी आणि लोपेरामाइड, असा हुकूम. माझ्या उभ्या नोकरीत हजेरीपटावर इतकं बारीक लक्ष कुणी ठेवलं नव्हतं. तापाची रेषा होती १००.४ फॅरनहाइट. त्याच्यावर गेला की घरी क्रोसिन घेऊन बघू, सकाळी बघू, असलं काही नाही, गाडी काढायची. पाचव्या सायकलीच्या दहाव्या दिवशी रात्री साडेअकराला १००.६ आला. मी म्हणालो, थर्मामीटर जुना आहे. हिनं नवा काढला. १००.८. मी म्हणालो, पांघरूण होतं ना अंगावर. ती काही बोलली नाही, नुसती पायांत चपला घालून दारात उभी राहिली. त्या रात्री माझ्या पांढऱ्या पेशी इतक्या उरल्या होत्या की ड्युटीवरच्या पोरसवदा डॉक्टरनं आकडा दोनदा वाचला. चार दिवस अँटिबायोटिक शिरेतून. थर्मामीटरबद्दल तिनं नंतर एकदाही टोमणा मारला नाही, त्यामुळं प्रकरण किती गंभीर होतं ते मला कळलं.

हे सगळं ऑक्सॅलिप्लॅटिनच्या गडबडीत चाललं होतं. कॅपेसिटाबिन तोवर गुपचूप काम करत होतं. सकाळी तीन गोळ्या, रात्री तीन, जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत. तिसऱ्या सायकलीपासून तळहात-तळपाय लाल झाले, मग चुरचुरायला लागले, मग कांद्याच्या सालीसारखी कातडी सुटायला लागली. या औषधाचा हा खास दागिना. कोल्हापुरात राहून मला कोल्हापुरी चप्पल बंद झाली. मऊ, सैल पादत्राण घाला, कढत पाण्यानं अंघोळ नको, भांडी घासू नका. (हे शेवटचं वाक्य मी हिला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "कधी घासली होती?") युरियाचं मलम लावायचं, ते खताच्या दुकानात मिळत नाही हे मला समजावून सांगावं लागलं. आणि आणखी एक मलम, जे घरात होतंच: डायक्लोफेनॅकची जेल, हिच्या गुडघ्यासाठी आणलेली. दिल्लीच्या एम्समध्ये ती कॅपेसिटाबिनच्या रुग्णांच्या तळहातांना लावून बघितली. २०२४ साली निष्कर्ष आले. साध्या जेलवाल्यांत शंभरात पंधरा जणांना हा त्रास बऱ्यापैकी झाला, डायक्लोफेनॅकवाल्यांत चारांनाही नाही. डॉक्टर म्हणाले, लावा. मग रोज संध्याकाळी एकाच ट्यूबवरून आमच्यात वाटणी व्हायची, तुझा गुडघा की माझा हात.

कातडी नवी येत राहिली. गुळगुळीत, गुलाबी, तान्ह्या बाळासारखी. मला कौतुकच वाटत होतं. नोव्हेंबर येईपर्यंत.

नोव्हेंबर हा पेन्शनरांचा महिना. हयातीचा दाखला द्यायचा. बँकेत गेलो, यंत्रावर अंगठा ठेवला. लाल दिवा. पुसून ठेवला. लाल दिवा. तर्जनी, मधलं बोट, डावा हात. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, तुमच्या बोटांवर काहीच नाहीये." खरंच नव्हतं. चष्मा लावून बघितलं. रेघा गायब, कागदासारखं कोरं बोट. डॉक्टरांना सांगितलं तर ते हसायलाच लागले आणि एक हकिकत सांगितली. सिंगापूरचा एक ६२ वर्षांचा रुग्ण, हेच औषध घेणारा, अमेरिकेत नातेवाइकांकडं गेला. विमानतळावर बोटांचे ठसे उमटेनात, म्हणून त्याला चार तास बसवून ठेवलं. त्याच्या डॉक्टरांनी २००९ साली ते एका वैद्यकीय मासिकात छापलं: असे रुग्ण प्रवासाला निघाले तर सोबत चिठ्ठी द्या. औषध बंद झालं की रेघा बहुधा परत येतात म्हणे. पण नोव्हेंबर काय त्यांच्यासाठी थांबणार?

पोस्टमन घरी येऊन दाखला करून देतात, हे मला माहीत असायला हवं होतं. आला तो आमच्याच जुन्या ऑफिसातला, मी रिटायर झाल्यावर लागलेला पोरगा. सकाळची वेळ, हवेत गारवा. आठवी सायकल संपून पंधरवडा झाला होता, पण मुंग्या जात नाहीत लगेच. औषध बंद झाल्यावरही दोन-तीन महिने त्या वाढतच राहतात. म्हणून मी मावसबहिणीची टोपी कपाळापर्यंत ओढून अंगणात बसलो होतो. त्यानं यंत्र पुढं केलं. लाल दिवा.

"काका, अंगठा नीट ठेवा की वो."

मी त्याच्याकडं बघतच राहिलो. हे वाक्य माझं होतं. मनिऑर्डर वाटताना किती जणांना म्हणालो असेन! मळ्यातून आलेल्या, विळ्यानं नि मातीनं बोटं झिजलेल्या म्हाताऱ्या फॉर्मवर अंगठा टेकवायच्या, नुसता निळा डाग उठायचा. मी खेकसायचो, "नीट ठेव की आजी, उठला नाही." एकदा एकीनं तीन वेळा शाई लावली आणि शेवटी अंगठा माझ्यापुढं धरून म्हणाली होती, "न्हाईच त्यात, तर कुठनं उठंल?" तेव्हा मागं लांब रांग होती आणि मला घाई होती.

"नाहीच त्यात," मी पोराला म्हणालो.

त्यानं डोकं खाजवलं. मग मोबाइल काढला. आता चेहऱ्यावरूनही होतं म्हणाला. "हिकडं बघा. हलू नका. डोळे मिचकवा." मी मिचकवले. मोबाइल गोल गोल फिरत बसला आणि नाही म्हणाला. "जरा जोरात मिचकवा." शेजारच्या खिडकीतनं पोरं बघत होती, एक पेन्शनर पोस्टमनला डोळा मारतोय. पुन्हा नाही.

"टोपी काढा काका."

काढली. तो थबकला. मोबाइल खाली घेऊन माझ्या डोक्याकडं नीट बघितलं.

"केस हायत की! तुमचं किमो चाललंय म्हणत्यात न्हवं सगळी?"

"तू फोटो काढ."

फोन टिंग वाजला. हिरवी खूण आली. "झालं. तुम्ही हयात," असं म्हणून त्यानं पिशवी खांद्याला लावली.

आतून आवाज आला, "हयात असाल तर दुधाची पिशवी काढून द्या जरा. मोजे खिळ्याला आहेत."